ज्याची फिल्मच नाही, तो कितवा?

नमस्कार, श्रोतेहो.

1969 साली अमेरिकेत मायामीला एक अजब लढत झाली. एका बाजूला मुहम्मद अली, तेव्हा बंदी असल्यामुळे घरी बसलेला. दुसऱ्या बाजूला रॉकी मार्सियानो, हेवीवेट म्हणजे सर्वांत जड वजनगटाचा माजी विजेता, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेला, वजन उतरवून, डोक्यावर टोप घालून आलेला. दोघं कॅमेऱ्यासमोर लुटुपुटुचे ठोसे मारत राहिले. शेवट वेगवेगळे चित्रित करून ठेवले आणि निकाल म्हणे कॉम्प्युटरने लावला. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत लोकांनी पाहिलं की मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला आडवं केलं. ब्रिटनमध्ये दाखवलेल्या फिल्ममध्ये मात्र अली जिंकला! हे बघायला मार्सियानो उरला नव्हता. ऑगस्टमध्येच विमान अपघातात तो गेला होता.

जुन्या काळातला सर्वांत मोठा बॉक्सर कोण, हा वाद निघाला की मला ही फिल्म आठवते. आपणही मनातल्या मनात असेच शेवट चित्रित करतो, आणि जो आवडतो त्याला जिंकवतो.

मार्सियानोचे चाहते एकच आकडा पुढे करतात: 49 लढती, 49 विजय. आकडा खरा आहे. पण समोर कोण होतं, आणि कोणत्या वयात? 1951 मध्ये त्याने जो लुईला हरवलं तेव्हा लुई 37 वर्षांचा होता, उतरणीला लागलेला. पुढच्या वर्षी ज्याच्याकडून विजेतेपद घेतलं तो जर्सी जो वॉलकॉट 38 चा. अर्थात त्या लढतीत मार्सियानो गुणांवर मागे होता, पहिल्याच फेरीत खालीही पडला होता, आणि तेराव्या फेरीत उजव्या हाताच्या एका ठोशाने सगळं उलटलं. त्या ठोशासाठी मी त्याला मानतो. 49 साठी नाही.

आता हॅरी ग्रेब. पिट्सबर्गचा मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनगटातला बॉक्सर. जवळजवळ तीनशे लढती. 1919 या एका वर्षात 45! आठवड्याला जवळपास एक. त्यातल्या पुष्कळ लढतींचा अधिकृत निकालच नाही, कारण तेव्हा अनेक राज्यांत कायदा असा होता की शेवटी दोघंही उभे असले तर पंचांनी विजेता जाहीर करायचा नाही. रिंगशेजारी बसलेले बातमीदार दुसऱ्या दिवशी पेपरात लिहीत, तोच निकाल. पैजाही त्यावरच मिटत. म्हणजे ग्रेबचा हिशेब करायचा तर आधी जुने पेपर चाळायचे, आणि बातमीदार कोणाच्या गावचा होता तेही बघायचं.

23 मे 1922 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने जीन टनीला पंधरा फेऱ्या बदडलं. टनी वजनाने बाराएक पौंडांनी जास्त. पहिल्याच फेरीत त्याचं नाक मोडलं. हाच टनी पुढे जॅक डेम्प्सीला दोनदा हरवून हेवीवेट विजेता झाला, आणि सगळ्या कारकिर्दीत तो हरला तो एकदाच, ग्रेबकडून. ग्रेबचा एक डोळा तेव्हा जवळजवळ निकामी होता. त्याने ते लपवलं होतं.

मग पहिला नंबर ग्रेबला? नाही. तो मी शुगर रे रॉबिन्सनलाच देतो. फेब्रुवारी 1943 मध्ये जेक लामोटाकडून हरल्यावर तो जुलै 1951 पर्यंत हरला नाही, आणि ज्याने हरवलं त्या लामोटाला नंतर चार वेळा हरवलं. पण त्याच्याही ऐन भरातल्या वेल्टरवेट, म्हणजे मिडलवेटच्या खालच्या गटातल्या, लढतींची फिल्म फार थोडी आहे. जी सगळेजण बघतात ती नंतरची.

ग्रेबच्या तर एकाही लढतीची फिल्म आजवर सापडलेली नाही. आहे ती 1925 सालच्या सरावाची, काही मिनिटांची. तीत तो हसतोय, मस्करी करतोय, वेड्यासारखे हात फिरवतोय. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, 32 व्या वर्षी, तो शस्त्रक्रियेनंतर वारला. ती फिल्म मी कितीदा तरी पाहिलीय. टनीचं नाक कसं मोडलं असेल, ते तीत कुठेच दिसत नाही.