रुळाखालचं चुंबक आणि डब्यांमधली ढील

(परभणीत रेल्वे मॉडेल करणाऱ्या हौशी मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मॉडेल रेल्वेत रुळाखालच्या चुंबकामुळे डबा सुटतो असं आपण म्हणतो, पण खरं काम डब्यांमधली ढिलाई करते. कपलरवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, ओढ असेल तर खाली कितीही जबर चुंबक ठेवा, डबा जागचा सुटणार नाही. म्हणून रूळ चिकटवायच्या आधी, आपल्या मांडणीत गाडीची ओढ नेमकी कुठे कुठे जाते ते शोधा.

तुमच्यापैकी कित्येकांनी पूर्णा जंक्शनला शंटिंग पाहिलंय. डबा तोडायचा तर इंजीन आधी किंचित मागे रेटतात, ओढ गेली की मग पॉइंट्समन हँडल उचलतो. हा मुठीसारखा मिटणारा कपलर अमेरिकेत एली जॅनीने काढला, पेटंट १८७३ चं. आपल्या एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिलिमीटर रुळात, ऑरेगनच्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या भावांच्या केडी कंपनीने तोच इवलासा केला आणि पॉइंट्समनचं काम चुंबकाकडे दिलं.

हा डबा हातात घेऊन बघा. कपलरखाली एक वाकडी पोलादी तार लोंबतेय, दिसायला ब्रेकचा होजपाइप. समोरासमोरच्या दोन डब्यांच्या तारा मध्यरेषेच्या दोन बाजूंना येतात. खालच्या चुंबकाचा एक ध्रुव एका रुळालगत, दुसरा दुसऱ्या रुळालगत. ओढ असेपर्यंत कपलर एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे तारा हलत नाहीत. इंजीन थोडं मागे घेतलं की प्रत्येक तार आपापल्या रुळाकडे खेचली जाते, मुठी उघडतात, आणि इंजीन पुढे निघून जातं.

आता खरी गंमत पुढे आहे. मुठी उघडल्यावर इंजीन केसभर पुढे घ्या आणि चुंबकावरच पुन्हा मागे रेटा. कपलर आता बाजूला सरकलेले असतात, ते एकमेकांत अडकत नाहीत, नुसते टेकतात. तसाच डबा सायडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, हवा तितका आत ढकला, धान्याच्या गोदामापाशी थांबा आणि इंजीन काढून घ्या. डबा तिथेच राहतो. म्हणजे दर गोदामापुढे चुंबक नको, सायडिंगच्या तोंडाशी एक पुरतं. दुकानातून अर्धा डझन आणायच्या आधी हे लक्षात घ्या, परदेशातून मागवलेल्या मालाला पैसे लागतात.

मेन लाइनवर मात्र कायमचं चुंबक बसवू नका, असं माझं ठाम मत आहे. तिथे गाडी जराशी अडखळली, मधल्या डब्यांत क्षणभर ढील आली, की गाडीचे दोन तुकडे. तिथे विजेवरचं चुंबक लावा: बटण दाबून धरलं असेल तेवढाच वेळ ओढेल. बटण फार वेळ दाबून धरायचं नाही, कॉइल तापते. नाहीतर चुंबक बिजागरीवर बसवून एरवी खाली सोडून ठेवा. आणखी एक चोर म्हणजे चाकांची पोलादी आस. हलक्या डब्याची पोलादी आस चुंबक स्वतःच खेचतं, डबा उडी मारल्यासारखा पुढे येतो आणि नको तिथे ढील पडते. डब्यात थोडं वजन घाला, पण लोखंडाचं नको. शक्य असेल तिथे पितळी आस वापरा.

आता बसवणं. जागा सरळ रुळावरच हवी. वळणावर कपलर आधीच तिरके झालेले असतात. पॉइंटपासूनही, म्हणजे रूळ जिथे फुटतो तिथपासून, निदान एका डब्याइतकं लांब राहा. रूळ आधी नुसत्या टाचण्यांवर ठेवा, चुंबक खाली मोकळंच ठेवा आणि खरी शंटिंग करून बघा. जागा पटली की पेन्सिलने आखा, रुळाखालचा कॉर्क आणि प्लाय पटाशीने कोरून काढा. चुंबकाची लांब बाजू रुळाच्या दिशेने, मध्य मध्यावर, आणि वरचा पृष्ठभाग स्लीपरच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, पोटाला भिडलेला. थोडी जरी फट राहिली तरी ओढ झपाट्याने कमी होते. रूळ निकेल सिल्व्हरचे असतील तर ठीक. जुने पोलादी असतील तर तेच चुंबकाचा जोर खाऊन टाकतात. मग कपलरची उंची मापाच्या गेजवर तपासा. तारेचं टोक रुळाच्या माथ्यापासून साधारण ०.८ मिलिमीटर वर हवं. खाली आलं तर पॉइंटमध्ये अडकेल, वर गेलं तर चुंबकाला सापडणार नाही. आणि खडी टाकल्यावर चुंबक दिसेनासं होतं, तेव्हा बाजूला खूण हवीच: एखादं बाभळीचं झाड, नाहीतर किलोमीटरचा दगड.

कपलरला तेल मात्र कधीच नको. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ त्यावर बसून चिखल होतो. चिमूटभर कोरडी ग्रॅफाइटची पूड पुरते.

शेवटचं खडीचं. आपण गोदावरीची नाहीतर पूर्णेची वाळू चाळून वापरतो, रंग अगदी खरा येतो. पण आपला सगळा मुलूख काळ्या बेसाल्टचा, आणि त्या खडकातलं मॅग्नेटाइट वाळूत उतरतं. तीच वाळू चुंबकावर पसरली की काळे कण उभे राहतात, इंजीनच्या मोटरमध्येही शिरतात. वाळू वाळवून कागदावर पातळ पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक तिच्यावरून फिरवा. पिशवीची आतली बाजू बाहेर काढली की काळे कण आपोआप वेगळे पडतात. पिशवी कोरी येईपर्यंत फिरवत राहा, आणि मगच खडी चिकटवायला फेविकॉलचं पाणी तयार करा.