पुढची दोन वर्षं

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं-सुना अमेरिकेत आहेत. पर्ड्यू, स्टॅनफर्ड ही नावं तुम्हाला नवी नाहीत. पण स्टॅनफर्डपासून थोड्याच अंतरावरच्या फुटहिल कॉलेजचं कौतुक मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर गेलेल्या मराठी मुली अशा कॉलेजांत एखादा कोर्स करतात, तेवढाच आपला संबंध. ही सरकारी कम्युनिटी कॉलेजं. फी कमी, गुणांची चाळणी नाही, आणि वर्गात अठरा वर्षांच्या पोराशेजारी चाळिशीतली आई बसलेली. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला पहिलं सरकारी कॉलेज निघालं, तेव्हापासून जवळजवळ सगळीकडे हीच वाटणी होती: पहिली दोन वर्षं इथे, पुढची दोन विद्यापीठात.

या वाटणीला मोठा धक्का दिला फ्लोरिडाने. २००१ साली तिथल्या विधिमंडळाने सेंट पीटर्सबर्गच्या ज्युनियर कॉलेजला (आपलं अकरावी-बारावीचं नव्हे, असंच दोन वर्षांचं कॉलेज) चार वर्षांची पदवी द्यायची परवानगी दिली. पाठोपाठ मायामी-डेड आलं. हे कॉलेज १९६०चं. सुरुवातीच्या इमारती अशा होत्या की लोक त्याला 'चिकन कूप कॉलेज', म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यातलं कॉलेज म्हणायचे. क्यूबातल्या क्रांतीनंतर पळून आलेल्या निर्वासितांची मुलं तिथे शिकली. त्यांतला एक एदुआर्दो पाद्रोन. पंधराव्या वर्षी क्यूबातून आलेला हा मुलगा पुढे याच कॉलेजचा अध्यक्ष झाला आणि १९९५ ते २०१९ त्या खुर्चीवर राहिला. त्याच्याच काळात पदव्या सुरू झाल्या आणि २००३ साली नावातला 'कम्युनिटी' शब्द गळला.

आता कुणीही विचारेल, याची गरज काय? फ्लोरिडात १९७१पासून दोन अधिक दोन असा करार आहे. विषयांचे क्रमांकसुद्धा राज्यभर सारखे. इथली दोन वर्षं संपवा, विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बसा. कागदावर चोख. पण तो करार प्रामुख्याने सर्वसाधारण अभ्यासक्रमांसाठी. तंत्रज्ञ म्हणून शिकलेल्याचे बरेचसे क्रेडिट विद्यापीठात धरले जात नसत, आणि दिवसा नोकरी करणाऱ्याला दुपारचं लेक्चर कसं परवडणार?

परिचारिकांचं उदाहरण घ्या. दोन वर्षांची पदविका घेतलेली मुलगी आणि चार वर्षांची पदवी घेतलेली मुलगी परवान्यासाठी एकच परीक्षा देतात. परवानाही एकच. पण २०१०मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या अमेरिकेतल्या वैद्यकीय सल्लागार संस्थेने सुचवलं की २०२०पर्यंत ऐंशी टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात. मोठी रुग्णालयं पदवी मागू लागली. मग रात्रपाळी करणाऱ्या, घरी लहान मूल असलेल्या बाईने काय करायचं? जिथे ती शिकली, जिथले शिक्षक तिला ओळखतात, तिथेच पुढची दोन वर्षं मिळाली तर ती शिकेल. नाहीतर बऱ्याच जणी तिथेच थांबतात, आणि हुशारी कमी पडली म्हणून नव्हे.

कॅलिफोर्नियाने परवानगी दिली, पण मुठीत धरून. २०१४च्या कायद्याने पंधरा कॉलेजांना प्रयोग करू दिला. अट अशी की सरकारी विद्यापीठात जी पदवी मिळते ती तुम्ही द्यायची नाही. म्हणून मग फुटहिलमध्ये डेंटल हायजीन, म्हणजे दातांच्या स्वच्छतेचं शिक्षण, अँटेलोप व्हॅलीत विमानाचे सांगाडे बनवण्याचं तंत्र, सायप्रेस कॉलेजात चक्क अंत्यसंस्काराच्या व्यवसायाची पदवी! हसू नका, मायामीपेक्षा मला हीच यादी जास्त आवडते. २०२१मध्ये प्रयोग कायम झाला. फीचा हिशेब पाहा: पहिले साठ युनिट, म्हणजे क्रेडिट, प्रत्येकी ४६ डॉलरने, पुढचे साठ प्रत्येकी १३० डॉलरने. अख्खी पदवी साडेदहा हजार डॉलरांच्या आसपास. पण नर्सिंगच्या पदवीचा मार्ग उघडणारी विधेयकं २०२४मध्ये आली, तेव्हा गव्हर्नर न्यूसम यांनी ती सही न करता परत पाठवली. विद्यार्थ्यांच्या भल्याची भाषा बरीच झाली. मला मात्र तिथे विद्यापीठांचं कुंपण दिसतं.

विरोधकांची एक भीती मात्र खरी आहे. पदवी आली की मान येतो, आणि पैसा मानाच्या मागे जातो. यूटातलं डिक्सी हे दोन वर्षांचं कॉलेज. २०००च्या सुमारास तिथे पदव्या आल्या, २०१३मध्ये ते विद्यापीठ झालं, आज ते यूटा टेक आहे. तिथल्या गावाला विद्यापीठ मिळालं, चांगलंच झालं. पण सगळीच कॉलेजं त्या वाटेने निघाली, तर ज्याला अजून अपूर्णांक येत नाहीत आणि तिशीत पुन्हा शिकायचंय त्याला वर्गात कोण घेणार? मायामी-डेडमध्ये आजही दोन वर्षांचं शिक्षण घेणारेच जास्त आहेत. अशा कॉलेजाची पदवीदानाची छायाचित्रं मला दाखवू नका, पायाभूत गणिताच्या वर्गाला किती शिक्षक दिलेत ते दाखवा.

आपल्याकडे पॉलिटेक्निकची मुलं थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जातात, म्हणजे कॉलेज बदलतातच. जी जात नाहीत त्यांच्याबद्दल तुमच्यापैकी पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या कुणी बोलावं, असं मला वाटतं. माइक तिकडे द्या.