साइट त्यांची, मजकूर आपला, मग नियम कोणाचे?

मंडळी, विषय तसा रोजचाच आहे. आपण वर्षानुवर्षं एखाद्या साइटवर पडीक असतो, पैसे काही द्यावे लागत नाहीत, आणि एके दिवशी वर एक पट्टी येते की आम्ही आमचं धोरण बदलतोय, 'तुमचा अनुभव आणखी चांगला व्हावा म्हणून'. हे वाक्य दिसलं की अनुभवी माणूस लगेच सावध होतो, कारण चांगला अनुभव द्यायला पट्टी लावावी लागत नाही. मग आरडाओरडा सुरू होतो, आम्ही चाललो अशी भाषणं होतात, काहीजण खरंच जातात, बरेचजण चार दिवसांनी गुपचूप परत येतात. हे सगळं इतक्या वेळा झालंय की त्यातनं काहीतरी दिसायला पाहिजे, आणि मला जे दिसतं ते सांगते.

सप्टेंबर २००६ मधे फेसबुकने न्यूज फीड आणलं. तोपर्यंत कोणाचं काय चाललंय ते बघायला त्याच्या पानावर जावं लागायचं, आता सगळ्यांचं सगळं एकदम समोर यायला लागलं. लोक जाम भडकले. विरोधात ग्रुप निघाले, सगळ्यात मोठ्या ग्रुपला काही दिवसांत लाखो मेंबर मिळाले, आणि गंमत बघा, इतक्या भराभर मिळाले ते न्यूज फीडमुळेच, कारण तुझा अमुक मित्र ह्या ग्रुपमधे शिरला हे फीडच सगळ्यांना सांगत होतं! झुकरबर्गने माफी मागितली, कोणाला काय दिसावं ह्याची थोडी सेटिंग्ज दिली आणि फीड ठेवलं. आज फीड नसलेलं फेसबुक कोणाच्या डोळ्यासमोरसुद्धा येत नाही.

हा किस्सा नंतरच्या सगळ्या कंपन्यांनी जणू पाठच करून ठेवला. लोक ओरडतात, मग सवय होते, आपण फक्त कळ काढायची. २०२३ मधे रेडिट ह्या चर्चांच्या साइटवर एवढा मोठा बंद झाला तेव्हा तिथले सीईओ स्टीव्ह हफमन ह्यांचं स्टाफला पाठवलेलं पत्र बाहेर आलं, त्याचा मथितार्थ हाच, की आधीची वादळं गेली तसं हेही जाईल. आणि गेलं की! म्हणून लोक म्हणतात ओरडून काय उपयोग. पण डिग नावाच्या, लोकांनी लिंका टाकून त्यांना मतं द्यायच्या साइटचं तसं झालं नाही. २०१० च्या ऑगस्टमधे त्यांनी नवं रूप आणलं, नावडती लिंक खाली ढकलायचं बटण काढून टाकलं, मोठ्या प्रकाशकांच्या लिंका आपोआप आत यायची सोय केली. लोकांनी काय केलं, तर डिगचं पहिलं पान रेडिटच्या लिंकांनी भरून टाकलं आणि मग स्वतःही तिकडेच निघून गेले. दोन वर्षांनी डिग विकलं गेलं तेव्हा छापून आलेला आकडा होता सुमारे ५ लाख डॉलर, म्हणजे एकेकाळी ज्याची किंमत कोटींत बोलली जायची त्याचे हे पैसे.

आता डिगवरचे लोक काही फेसबुकवाल्यांपेक्षा जास्त चिडले होते असं मला वाटत नाही. फरक रागात नव्हताच. डिग सोडताना मागे काय राहणार होतं? जुन्या लिंका, ज्या कोणी परत बघणार नव्हतं. आणि तसंच काम करणारी दुसरी जागा आधीच उघडी होती. फेसबुक सोडायचं म्हणजे सगळे ओळखीचे लोक, फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळं मागे टाकून जायचं, आणि जायचं कुठे तर जिथे कोणीच नाही तिथे. त्यामुळे माझं म्हणणं साधं आहे, लोकांचा आवाज किती मोठा ह्याने फारसं काही ठरत नाही, जाताना आपलं सामान बरोबर नेता येतं का ह्याने ठरतं. व्यवस्थापनाला हे बरोबर कळतं, आपल्याला उशिरा कळतं.

पण पुढे जाण्याआधी एक मुद्दा निकालात काढू, कारण प्रत्येक भांडणात कोणीतरी येऊन तो टाकतोच. फुकट वापरता ना, मग नियम पटत नसतील तर चालू लागा. धर्माची गाय आणि दात का नाय. ठीक आहे, पण ह्या गायीला चारा कोण घालत होतं? नव्वदच्या दशकात एओएल ह्या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या चॅटरूम हजारो स्वयंसेवक सांभाळायचे, बदल्यात त्यांना फुकट किंवा स्वस्त अकाउंट मिळायचं. १९९९ मधे त्यातल्या काहींनी कोर्टात दावा लावला की हे काम होतं, आणि कामाची मजुरी द्या. दावा दहा-अकरा वर्षं चालला आणि शेवटी दीड कोटी डॉलरवर मिटला असं प्रसिद्ध झालं. सीडीडीबी ह्या गाण्यांच्या नावांच्या यादीचंही असंच. सीडी कॉम्प्युटरमधे टाकली की गाण्यांची नावं आपोआप यायची आठवतंय? ती नावं जगभरच्या लोकांनी एकेक करून टाइप केलेली होती, विनामोबदला. पुढे ते सगळं ग्रेसनोट नावाची कंपनी झालं आणि वापरायला लायसन्स लागायला लागलं. ज्यांनी टाइप केलं त्यांच्या तोंडाला फेस आला. मग त्यांच्यातल्याच लोकांनी फ्रीडीबी आणि म्युझिकब्रेन्झ उभं केलं, ह्यावेळी डेटा सगळ्यांसाठी खुला राहील हे आधी ठरवून.

तेव्हा साइट फुकट असते म्हणजे पैसे लागत नाहीत इतकंच. तिथे येऊन वाचण्यासारखं जे असतं ते बहुतेक आपणच लिहिलेलं असतं. आणि त्यातही सगळे लिहीत नाहीत. शंभरातले नव्वद नुसते वाचणारे, नऊ जण अधूनमधून लिहिणारे आणि एखादाच रोज राबणारा, असा एक ठोकताळा जुना आहे, अगदी काटेकोर नाही पण अंदाजाला बरा. ह्यातनं एक घोटाळा होतो. धोरण बदलल्यावर ऑफिसातले लोक भेटींचे आकडे बघतात, आकडे तर तेवढेच दिसतात, कारण नव्वद जण वाचतायत अजून. गेलेला असतो तो एक. तो गेल्याचं आकड्यात लगेच दिसत नाही, नवीन प्रश्नांना उत्तरंच येत नाहीत हे हळूहळू जाणवायला लागतं आणि तोपर्यंत ज्याने धोरण बदललं तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

लोकांचं सगळं बरोबर असतं असंही नाही हं. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॅपचं धोरण आलं तेव्हा लोकांनी धरून घेतलं की आता फेसबुक आपले मेसेज वाचणार. बदल मुख्यतः व्यवसायांशी होणाऱ्या चॅटबद्दलचा होता, मेसेज कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन तसंच होतं, पण ते मूळ मजकूर कोण वाचतंय. सिग्नल हे दुसरं मेसेजिंग ॲप नव्या लोकांच्या गर्दीने अडखळायला लागलं, व्हॉट्सॅपने ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत ढकलली, आणि मे महिन्यात तेच धोरण लागू झालं. दोष मी एकट्या लोकांना देत नाही, धोरण अशा भाषेत लिहायचं की वकिलालाही दोनदा वाचावं लागेल आणि मग गैरसमज झाला म्हणायचं हे बरं आहे.

इन्स्टाग्रामचं उलटं उदाहरण आहे. डिसेंबर २०१२, नवीन अटी आल्या, त्यातनं असा अर्थ निघत होता की तुमचे फोटो जाहिरातीत वापरले जाऊ शकतात आणि तुम्हाला छदाम मिळणार नाही. तीनचार दिवसांत कंपनीने जाहिरातींचा तो भाग मागे घेऊन २०१० च्याच भाषेवर परत नेला. का? फोटो काढणारे लोक दुसरीकडे जायला मोकळे होते, आणि फ्लिकर ह्या फोटोंच्याच साइटने नेमकं आदल्याच आठवड्यात आपलं नवीन ॲप आणलेलं होतं.

मतदान घ्या ना मग, असं कोणीतरी सुचवतंच. घेतलेलं आहे! फेसबुकने २००९ मधे अटींवरून ओरडा झाल्यावर जाहीर केलं की मोठ्या बदलांवर लोकांनी मत द्यावं, आणि ३० टक्के ॲक्टिव्ह लोकांनी मत दिलं तर निकाल आमच्यावर बंधनकारक. ऐकायला झकास. २०१२ च्या डिसेंबरमधे शेवटचं मतदान झालं, विषय होता हे मतदानच बंद करायचं का. सुमारे ६ लाख ६८ हजार मतं पडली, त्यातली ८८ टक्के विरोधात. पण ३० टक्के म्हणजे तेव्हा ३० कोटी लोक लागत होते, तेव्हा निकाल नुसता सल्ला ठरला आणि मतदान बंद झालं. 

आता रेडिट जरा सविस्तर बघू, कारण त्यात सगळं एकत्र सापडतं. एप्रिल २०२३ मधे त्यांनी सांगितलं की एपीआय, म्हणजे बाहेरच्या ॲप्सना आणि प्रोग्रामना रेडिटवरचा मजकूर घ्यायचं दार, आता विकत. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, एआय कंपन्या रेडिटवरचा मजकूर फुकट उपसून आपली मॉडेल शिकवत होत्या आणि सर्व्हरचा खर्च रेडिटच्या माथी. पण त्याच माऱ्यात रेडिट वाचायची बाहेरची ॲप्ससुद्धा सापडली. अपोलो नावाच्या ॲपच्या डेव्हलपरने हिशोब मांडला की त्याला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर पडतील, आणि मुदत किती, तर महिनाभर. अंध वापरकर्ते स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी, ह्याच बाहेरच्या ॲपांवर अवलंबून होते कारण रेडिटच्या स्वतःच्या ॲपमधे त्या सोयी धड नव्हत्या. त्यांनी आवाज उठवला आणि त्यांच्यासाठीच्या बिगर व्यावसायिक ॲप्सना सूट मिळाली, पूर्ण लढ्यातलं हाताला लागलेलं ठोस म्हणजे एवढंच.

१२ जूनला ह्याच्या निषेधात आठ हजारांवर सबरेडिट, म्हणजे विषयवार चर्चेचे गट, बंद झाले. पण बंद पुकारताना बऱ्याच जणांनी आधीच सांगून टाकलं होतं की दोन दिवसांसाठी. संप किती दिवसांचा हे समोरच्याला आधीच कळलं तर तो दोन दिवस बाहेर फिरून येतो. त्यानंतर जे बंदच राहिले त्यांना कंपनीकडून निरोप गेले की उघडा नाहीतर दुसरे मॉडरेटर, म्हणजे गट सांभाळणारे, नेमू, आणि काही ठिकाणी खरंच हटवले. मग लोकांनी वात्रटपणा सुरू केला, फोटोंच्या मोठ्या सबरेडिटवर रीतसर मतदान घेऊन ठरवलं की इथनं पुढे फक्त जॉन ऑलिव्हर ह्या विनोदी निवेदकाचेच फोटो टाकायचे. त्यानेही खुशीत स्वतःचे फोटो पुरवले. मजा खूप आली, एपीआयचे दर मात्र तेच राहिले. ३० जूनला अपोलो बंद, पुढच्या मार्चमधे रेडिटचे शेअर बाजारात. लेमी नावाच्या तशाच दुसऱ्या जागेवर काही लोक गेले, पण सबरेडिटच्या दहापंधरा वर्षांच्या चर्चा उचलून तिकडे नेता येत नव्हत्या, आणि गूगलवर शोधणारा माणूस त्या जुन्या चर्चांसाठीच तर येत होता.

सामान नेता आलं तर काय होतं, ते विकिट्रॅव्हलकडे बघा. प्रवासाची माहिती लोकांनी लिहिलेली, लायसन्स खुलं. २००६ मधे साइट एका कंपनीने विकत घेतली, जर्मन विभागातल्या मंडळींना ते रुचलं नाही, त्यांनी त्याच वर्षी सगळा मजकूर उचलून विकिव्हॉयेज काढलं. २०१२ मधे इंग्रजी विभागातल्या संपादकांचाही जाहिराती आणि देखभालीवरून संयम संपला, तेही मजकूर घेऊन निघाले आणि जानेवारी २०१३ मधे विकिव्हॉयेज विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या छताखाली रीतसर सुरू झालं. कंपनीकडे नाव राहिलं, जुना पत्ता राहिला. स्पॅनिश विकिपीडियावाल्यांनी तर २००२ मधे, विकिपीडियावर पुढे जाहिराती येतील अशा नुसत्या शक्यतेवरून आपला मजकूर घेऊन वेगळी चूल मांडली होती. विकिपीडियावर जाहिराती आजही नाहीत, त्या भांडणाचा त्यात वाटा आहेच असं मी धरते.

आणि काहीजण दुसरीकडे न जाता जागाच बांधतात. २००७ मधे लाइव्हजर्नल ह्या ब्लॉगच्या साइटने तक्रारींवरून एका फटक्यात सुमारे ५०० जर्नल बंद केली, तक्रारीत दम असलेलीही आणि नुसत्या कथा लिहिणाऱ्यांचीही. फॅनफिक्शनवाल्या, म्हणजे आवडत्या पुस्तका-सिनेमांतल्या पात्रांवर स्वतःच्या कथा लिहिणाऱ्या, लोकांच्या मनात स्वतःच्या मालकीची जागा हवी हे आधीपासून घोळत होतं, ह्या प्रकाराने त्याला धार आली, आणि २००९ मधे आर्काइव्ह ऑफ अवर ओन लोकांसाठी उघडलं, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालणारं. बाकी ठिकाणी बहुतेक वेळा बैल गेला नि झोपा केला असं होतं. याहू ग्रुप्सने २०१९ च्या ऑक्टोबरमधे सांगितलं की डिसेंबरमधे जुना मजकूर जाणार, तेव्हा कुठे लोक आपले वीस वर्षांचे मेसेज उतरवून घ्यायला धावले.

खुल्या लायसन्सची मी एवढी बाजू घेतली म्हणून तुमच्यातल्या कोणीतरी मगाशी चिठ्ठी पाठवलीय की स्टॅक ओव्हरफ्लो ह्या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचं काय. बरोबर विचारलंत. तिथे २०२३ च्या जूनमधे मॉडरेटर संपावर गेले, कारण एआयने लिहिलेली उत्तरं काढू नका असं वरून आलं होतं. त्यांनी मुदत घातली नाही, मागण्या लिहून दिल्या, बसून बोलणी केली, आणि ऑगस्टमधे धोरणात बदल पदरात पाडून घेतले. म्हणजे बोलून होतं, जर बोलणारे लोक कामातले असतील तर. पण पुढच्या वर्षी कंपनीने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार केला, तेव्हा चिडलेल्या काहींनी स्वतःची जुनी उत्तरं खोडायला सुरुवात केली. कंपनीने ती उत्तरं होती तशी परत लावली आणि खोडणाऱ्यांची खाती काही दिवस बंद ठेवली. आणि नियमाने ते बसतही होतं, कारण ज्या लायसन्समुळे विकिट्रॅव्हलवाल्यांना मजकूर उचलून नेता आला, तसल्याच लायसन्सखाली ही उत्तरं दिलेली होती. त्यात मजकुराची कॉपी कुठेही न्यायची मुभा सगळ्यांना असते, लिहिणाऱ्याला, कंपनीला, तिऱ्हाइताला, पण एकदा दिलेली परवानगी परत घेता येत नाही. तिथे चिडलेल्या माणसाला नवीन उत्तर न लिहिण्याचा हक्क मात्र पूर्ण आहे.