पूर्ण एक मिनिट

(दृश्य : नळाखाली दोन हात, साबणाचा फेस)

तळव्यावर तळवा. मग बोटांच्या बेचक्या. बोटांची पाठ. अंगठा मुठीत धरून गोल. शेवटी नखांची टोकं दुसऱ्या हाताच्या तळव्यावर. साबण-पाण्याने हे सगळं नीट व्हायला ४० ते ६० सेकंद लागतात, हँडरबने, म्हणजे हातांवर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाने, २० ते ३०.

आता हेच हात जांभळ्या दिव्याखाली बघा. चमकणारं लोशन चोळून नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींनी हात धुतले होते. जिथे चमक उरली आहे, तिथे धुणारी बोटं पोचलेली नाहीत. अंगठ्याचं मूळ. नखांच्या कडा.

(दृश्य : जुनं रेखाचित्र, बाळंतिणींचा विभाग)

साल १८४७. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक सुइणींचा, दुसरा डॉक्टरांचा आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका दगावत. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर कारण शोधत होता. त्याच सुमारास त्याचा मित्र कोलेच्का याला शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागली आणि तो बाळंतज्वरासारख्याच लक्षणांनी गेला. सेमेलवाइसच्या लक्षात आलं : विद्यार्थी शवविच्छेदन आटोपून थेट बाळंतिणींकडे येतात. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरात १८ बायका मरत होत्या. जुलैत हा आकडा २ च्या खाली आला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्या. त्यातली पाचवी मुलांच्या हमखास निसटते. रुग्णाला हात लावला नाही, फक्त कॉटचा कठडा धरला किंवा शेजारचं टेबल सरकवलं, तरीही हात धुवायचे.

(दृश्य : वॉर्ड. दोन विद्यार्थी, वृद्ध रुग्ण, ड्रॉ शीट म्हणजे रुग्णाखालची आडवी चादर)

"आजी, तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतोय हं. हात छातीवर घ्या."

आधी सांगायचं, मग हात लावायचा. कॉट कमरेच्या उंचीला घेतलेली, गुडघे किंचित वाकलेले, आणि ओढाओढ अजिबात नाही. खेचलं की वरची कातडी गादीला चिकटून राहते, आतलं मांस सरकतं आणि बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. म्हणून ड्रॉ शीट दोन्हीकडून धरून, एकदम.

ज्यांना हे नुसतं कूस बदलणं वाटतं, त्यांनी या मुलाचे डोळे कुठे आहेत ते पाहावं. माकडहाड, खुबा, टाचा. लाल दिसलं तिथे तो बोटाने दाबतो. दाबल्यावर पांढरं पडून रंग परत आला, तर ठीक. लाली हललीच नाही, तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी. सावळ्या अंगावर लाली दिसेलच असं नाही, म्हणून हाताच्या पाठीने ऊब बघायची, कडकपणा चाचपायचा. हे सुटलं तर जखम हाडापर्यंत जाऊ शकते.

(दृश्य : मनगटावर तीन बोटं, सेकंदकाट्याचं घड्याळ)

नाडी बोटांनीच बघायची, अंगठ्याने नाही; अंगठ्याची स्वतःची नाडी मध्ये येते. रक्तदाबासाठी दंड हृदयाच्या पातळीला, कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) दंडाच्या मापाचा. कफ लहान पडला तर दाब खोटाच जास्त दिसतो.

आणि आता ही विद्यार्थिनी ज्यासाठी थांबली आहे, ते बघा. मोजून झाली नाडी, तरी तिने बोटं मनगटावरून काढलेली नाहीत. नजर मात्र छातीवर आहे. श्वास मोजतोय असं रुग्णाला कळलं की श्वास बदलतो, म्हणून तो सांगून मोजत नाहीत. छाती वर गेली आणि खाली आली, की एक. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारची होते. शिवाय लय कळत नाही, श्वास किती खोल ते कळत नाही, मानेचे स्नायू ओढले जातायत का तेही कळत नाही.

मोठ्या माणसाचा विसाव्यातला श्वास मिनिटाला १२ ते २०. वॉर्डातल्या चार्टवर रांगेने २०, २०, २० दिसलं, की समजावं, कोणी मोजलेलं नाही. मशीन नाडी सांगतं, दाब सांगतं, म्हणून हातांनी करायचं हे एक काम सगळ्यांत आधी टाळलं जातं. आणि बिघाड पुष्कळदा तिथेच पहिल्यांदा दिसतो, दाब घसरण्याच्या आधी. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेल्या, प्रकृतीचा बिघाड ओळखायच्या गुणपद्धतीत (गुण जितके जास्त तितका धोका जास्त) श्वास २५ किंवा त्याहून जास्त असेल, तर त्या एकाच नोंदीला ३ गुण आहेत, कुठल्याही नोंदीला मिळणारे सर्वांत जास्त. पहिल्या वर्षाच्या मुलीचं हे साधं काम म्हणून जे सोडून देतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

(दृश्य : नर्सिंग स्टेशन, फोन)

तिने २६ मोजले. सिस्टरनी स्वतः पुन्हा मोजले : २६. मग डॉक्टरांना फोन लावला.

"सर, कॉट नंबर चार. ऑपरेशनचा दुसरा दिवस. श्वास २६, पूर्ण मिनिट मोजलेला. सकाळी १६ होता. ताप नाही. तुम्ही येऊन बघावं असं वाटतं."

काय झालंय, आधी काय होतं, आपल्याला काय दिसलं, काय हवंय. सगळं मोजक्या वाक्यांत. मुलगी शेजारी उभी राहून ऐकते आहे. रुग्णाला बसतं केलंय, आणि डॉक्टर येईपर्यंतची पुढची मोजणी सिस्टरनी तिच्याकडेच दिली आहे.