ओरांजची भिंत आणि मिस्त्रालचं वारं

[दृश्य – भिंतीची बाहेरची बाजू, तळापासून माथ्यापर्यंत]

ओरांजच्या रोमन नाट्यगृहाची ही भिंत १०३ मीटर लांब आहे आणि ३७ मीटर उंच. आपल्या हिशेबात बारा मजले. रस्त्याच्या बाजूने पाहिलं तर नुसता दगड दिसतो, वरच्या अंगाला आंधळ्या, म्हणजे बुजलेल्या कमानींची रांग आणि अगदी माथ्याशी बाहेर आलेले भोकं पाडलेले दगड. त्या भोकांत लाकडी खांब उभे करत आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर कापडाचं छत ताणत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई हिला आपल्या राज्यातली सर्वांत सुंदर भिंत म्हणाला होता, असं सांगतात.

[दृश्य – आतली बाजू, पायऱ्या, मागे टेकडी]

फ्रान्सच्या दक्षिणेला, रोन नदीच्या खोऱ्यात ओरांज हे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीला रोमनांनी इथे नाट्यगृह बांधलं. पायऱ्यांसाठी वेगळा डोलारा उभा करण्याऐवजी त्यांनी सेंत-उत्रोप टेकडीचा उतारच वापरला आणि समोर ही भिंत घातली. भूमध्य समुद्राभोवती रोमन नाट्यगृहं पुष्कळ सापडतात, पण बहुतेक ठिकाणी पायऱ्या उरतात आणि भिंत जाते. तिचे दगड गावातल्या घरांना लागतात. माथ्यापर्यंत उभी असलेली भिंत जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

[दृश्य – पायरीवर कोरलेली अक्षरं, अगदी जवळून]

इथे बोट ठेवा. अक्षरं झिजली आहेत, तरी वाचता येतात. लॅटिनमधला संक्षेप आहे, अर्थ असा की या तीन पायऱ्या अश्वारोही, म्हणजे रोमन समाजातल्या एका वरच्या वर्गासाठी राखीव. तिकिटांचे दर तेव्हा जागेप्रमाणे नसतील, पण मान नक्कीच जागेप्रमाणे होता.

[दृश्य – जुनी चित्रं, नाट्यगृहातली घरं]

चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रयोग थांबले. पुढे इथे पहारा बसला, सोळाव्या शतकात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या युद्धांच्या काळात लोक आसऱ्याला आले आणि पायऱ्यांवर, रंगमंचावर घरं उठली. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद ओग्युस्त कारिस्ती यांच्या देखरेखीखाली ती हलवली गेली. १८६९ मध्ये इथे पुन्हा गाणं झालं, फ्रेंच संगीतकार मेयुल यांचा 'जोसेफ' हा ऑपेरा. तिथून सुरू झालेल्या उत्सवाचं नाव १९०२ पासून 'कोरेजी'. प्राचीन ग्रीसमध्ये कोरसचा, म्हणजे नाटकातल्या समूहगायकांचा खर्च उचलणाऱ्या श्रीमंत नागरिकाला जो शब्द होता, त्यावरून हे नाव आलं. आधी नाटकंही होत. १९७१ नंतर मात्र उत्सव प्रामुख्याने ऑपेराचा झाला.

[दृश्य – रिकामा रंगमंच, एक गायिका मधोमध उभी]

आता आवाजाकडे येऊ. सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

हिच्या अंगावर माइक नाही. समोर आठ हजारांहून जास्त माणसं बसणार आहेत आणि मध्ये पूर्ण वाद्यवृंद आहे. माइक येण्याआधी आपल्या संगीत नाटकातल्या नटांना शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवावं लागे, तीच कसरत इथे आजही चालते. प्रशिक्षित ऑपेरा गायकाच्या आवाजात साधारण २,५०० ते ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात एक खास जोर असतो. वाद्यवृंदाची ताकद त्या पट्ट्यात कमी असते, म्हणून आवाज वाद्यांना ओलांडून बाहेर पडतो.

उरलेलं काम भिंत करते. ही गायिका भिंतीपासून पाच मीटरवर उभी आहे. तिचा आवाज थेट प्रेक्षकांकडे जातो आणि तोच मागे भिंतीला लागून परत येतो. परतीचा आवाज जास्तीत जास्त दहा मीटर जादा चालतो, म्हणजे सुमारे ०.०३ सेकंद उशिरा पोचतो. इतका थोडा उशीर कानाला वेगळा कळत नाही. दोन्ही आवाज एक होतात आणि सूर भरीव लागतो. तिला भिंतीपासून पंधरा मीटरवर आणलंत तर हाच उशीर ०.०९ सेकंदाकडे जातो आणि जलद तानेतली अक्षरं एकमेकांत मिसळायला लागतात. म्हणून इथे गायकाला पुढे आणण्याआधी दहादा विचार करावा लागतो.

[दृश्य – कोरस रंगमंचाच्या दोन्ही टोकांना, मॉनिटरवर वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरची छडी]

रंगमंच रुंद आहे, पण खोली कमी. एका टोकाचा कोरस दुसऱ्या टोकाचं ऐकून गायला तर घात. साठ मीटर अंतर कापायला आवाजाला ०.१७ सेकंद लागतात. द्रुत लयीत तेवढ्यात अर्धी मात्रा सरकू शकते. त्यामुळे कोरसला पहिल्या दिवशीच बजावतात की कानावर विश्वास ठेवू नका, कंडक्टरची छडी बघा. जागोजागी हे छोटे मॉनिटरचे पडदे लावलेत ते त्यासाठी. पडदा बंद पडला तर त्या बाजूची वीस माणसं आंधळी होतात, म्हणून प्रयोगाआधी प्रत्येक पडदा तपासला जातो.

[दृश्य – स्टँडवर स्वरलिपीची पानं, कपड्यांचे चिमटे]

हे चिमटे बघा. दोरीवर कपडे वाळत घालायचे, तेच. डाव्या पानाला दोन, उजव्याला दोन. पान उलटताना उजवे दोन काढायचे, पान सरकवायचं, पुन्हा लावायचे, आणि हे सगळं वाजवता वाजवता.

कारण मिस्त्राल. उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यात घुसणारं कोरडं, गार वारं. इथले लोक म्हणतात, सुरू झालं की तीन, सहा नाहीतर नऊ दिवस थांबत नाही. भिंतीची पाठ उत्तरेला असल्यामुळे पहिला मार ती झेलते. पण वारं माथ्यावरून उडी मारून आत पडतं, गरगर फिरतं. एका क्षणी सूर स्पष्ट ऐकू येतो, दुसऱ्या क्षणी कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखा दबतो.

[दृश्य – सेट बांधणारे कामगार, वजनं, जाळीचं कापड]

इथे वर काही टांगता येत नाही. विंगा नाहीत, पुढचा पडदा नाही. जे उभं करायचं ते जमिनीवरून. हिशेब करून पाहू. सहा मीटर उंच, चार मीटर रुंद फ्लॅट, म्हणजे चौकटीवर कापड ताणलेली नेपथ्याची भिंत. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर सुमारे सातशे किलोचा दाब येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. साध्या तिरक्या टेकूचं हे काम नाही. पायाला वजनं ठेवावी लागतात, कापड जाळीचं घ्यावं लागतं. दोन हजार वर्षांच्या दगडात खिळा ठोकता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

अलीकडे भिंतीवरच प्रकाशचित्रं टाकतात. वाऱ्याला धरायला काही उरत नाही, ही मोठी सोय. पण दगडाचा पोत दिसेनासा होईल इतकी चित्रं टाकू नयेत. रोमन सम्राट ऑगस्टसचा ३.५५ मीटरचा पुतळा, मधला मोठा दरवाजा, त्याच्या दोन बाजूंचे दरवाजे, एवढं तयार नेपथ्य दुसऱ्या कुठल्या रंगमंचाला मिळालंय?

[दृश्य – १९७४ च्या प्रयोगाची फीत]

२० जुलै १९७४. बेलिनींचा 'नोर्मा' हा ऑपेरा, गायिका मोन्सेरात कबाये. मिस्त्राल जोरात होता. अंगावरचं वस्त्र कसं फडफडतंय ते पाहा आणि श्वास किती लांब जातोय ते ऐका.

[दृश्य – रात्र, दिवे, तालीम]

जुलैत इथे सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो. त्याआधी दिव्यांची तालीम करता येत नाही आणि दुपारच्या उन्हात वाद्यं बाहेर काढायची नाहीत, सांधे सुटतात. म्हणून काम रात्री, कधी पहाटेपर्यंत. हवा थंड होते तशी बासरी, ओबो, शिंगं ही फुंकून वाजवायची वाद्यं स्वरात उतरतात. तापमान दहा अंशांनी पडलं तर पाव स्वराहूनही जास्त नाही, पण कानाला खुपेल इतका फरक पडतो. धातूच्या तारा मात्र आखडतात आणि चढतात. दोन्ही उलट दिशांना जातात, त्यामुळे मध्यंतरानंतर पुन्हा सूर जुळवणं हा उपचार नसतो, गरज असते.

[दृश्य – काच आणि पोलादाचं छत]

रंगमंचावरचं हे छत २००६ चं. मूळ लाकडी छप्पर जिथे होतं तिथेच, पावसापासून भिंत वाचवायला. १९८१ पासून नाट्यगृह जागतिक वारसा यादीत आहे. एका ऑपेराचे प्रयोग जेमतेम एक किंवा दोन होतात आणि तेवढ्यात खर्च निघणं अवघड असतं.

[दृश्य – पायऱ्या भरत आहेत, उशा घेतलेले प्रेक्षक]

दिवसभर तापलेला दगड रात्री उशिरापर्यंत ऊब देतो, तरी वरच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांनी उशी आणि जाडसर काहीतरी आणावं.

[दृश्य – प्रयोगानंतर, वादक स्टँडवरचे चिमटे काढून डब्यात टाकत आहेत]

चिमटे मोजून परत डब्यात. उद्याचा अंदाजही वाऱ्याचाच आहे.