वायोमिंगच्या माळावरचे रानघोडे

नमस्कार श्रोतेहो. मुलांकडे अमेरिकेत गेलेली आपली मंडळी वायोमिंग राज्यातलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान हमखास बघून येतात. त्याच्या पूर्वेच्या दारातून बाहेर पडलं की साधारण 80 किलोमीटरवर कोडी हे गाव लागतं. कोडीच्या पुढे तीसेक किलोमीटरवर मॅककलो पीक्स नावाचा सरकारी माळ आहे. तिथे रानघोडे राहतात, आणि ते बघायला तिकीट लागत नाही. पण तयारी मात्र लागते.

हे घोडे म्हणजे माणसांच्याच सुटलेल्या, सोडून दिलेल्या घोड्यांची पिढ्यान्‌पिढ्या मोकळी वाढलेली संतती. 1971 च्या कायद्यानं त्यांना पकडणं, मारणं, छळणं गुन्हा ठरवलं. मॅककलो पीक्सच्या कळपांत अबलख, म्हणजे अंगावर पांढरे मोठे डाग असलेले घोडे बरेच दिसतात.

आदल्या दिवशी कोडीतच पेट्रोलची टाकी भरा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण माळावर रेंजचा भरवसा नाही. गाडी उंच असावी, जादा चाकात हवा असावी आणि माणशी चार लिटर तरी पाणी असावं. पाऊस पडून गेला असेल तर कच्च्या रस्त्यावर मुळीच उतरू नका. इथल्या मातीत बेंटोनाइट आहे. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, चाकांभोवती थरावर थर चढत जातो आणि शेवटी चाकं फिरेनाशी होतात. अशा वेळी जोर लावून उपयोग नाही, माती वाळेपर्यंत थांबावं लागतं. वाळलेल्या गवतावरही गाडी उभी करू नका, खालच्या तापलेल्या सायलेन्सरनं गवत पेट घेतं.

घोडे शोधायचे तर आधी लीद शोधा. रस्त्याच्या कडेला एकाच जागी लिदेचे मोठे ढीग दिसतात. नर येतो, ढीग हुंगतो, त्यावर स्वतःची भर घालतो, वळून पुन्हा हुंगतो. नरांची हजेरी लागते ती अशी. वरची लीद ओलसर, हिरवट असेल तर घोडे जवळपास आहेत. पांढुरकी, सुटीसुटी झाली असेल तर पुढे चला. मग टेकाडावर थांबून दुर्बिणीनं माळ हळूहळू न्याहाळा. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. दुपारी तापलेली हवा थरथरते आणि दुर्बिणीतलं चित्र विरघळतं.

घोडे दिसल्यावरच खरी चूक होते. मॅककलो पीक्सला किमान 300 फूट अंतर राखायचं. हात लांब करून अंगठा आडवा धरा, त्याआड अख्खा घोडा झाकला गेला तर ठीक. नरानं मान जमिनीलगत ताणली, कान मागे पाडले आणि तो घोड्यांना रेटू लागला, की समजा आपण फार जवळ आलोय. लगेच मागे फिरा. मे-जूनमध्ये कळपात नुकती जन्मलेली शिंगरं असतात. कळप पळाला की त्यांना मागे धावावंच लागतं, आणि ती आईपासून तुटू शकतात.

पाणवठ्यावर तर थांबूच नये. कोरड्या माळावर पाण्याच्या जागा थोड्या. उन्हाळ्यात घोडा दिवसाला 30-40 लिटर पाणी पितो, शिंगराला पाजणारी घोडी त्याहूनही जास्त. डबक्याकाठी गाडी उभी दिसली की कळप लांब ताटकळतो किंवा न पिताच निघून जातो. फोटोसाठी पाण्यापाशी दबा धरणाऱ्यांना हे कळायलाच हवं. 400 मिलिमीटरची लेन्स असली की टेकाडावरूनही फोटो उत्तम येतात. खायला काहीही देऊ नका. माणसाला सवकलेला घोडा रस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडतो.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर लव्हेल गावाजवळचा प्रायर डोंगर बघा. तिथलं राखीव क्षेत्र 1968 सालचं. मातकट अंगावर पाठभर गडद पट्टा आणि पायांवर आडव्या रेघा, असे घोडे तिथे दिसतात. उन्हाळ्यात बरेचसे कळप वरच्या कुरणांत असतात. तिकडचे रस्ते खडकाळ आहेत, चारही चाकांना जोर मिळणारी उंच गाडीच हवी. तशी नसेल तर लव्हेलहून बिगहॉर्न कॅन्यन या खोल दरीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यानंच जा. तिथेही अधूनमधून घोडे दिसतात. वाटेत फाटक लागलं तर उघडं असल्यास उघडं, बंद असल्यास बंद ठेवूनच पुढे जा.