रचना या शब्दापुढची कोरी जागा

श्रोतेहो, नमस्कार.

वर्गात उत्तर येत असूनही ज्यांचा हात वर जात नाही आणि घरी वही उघडी असूनही ज्यांचे पेन पुढे सरकत नाही, अशा माध्यमिक शाळेतल्या मुलामुलींसाठी आजचे हे बोलणे आहे. हात वर न जाणे म्हणजे बुजरेपणा आणि पेन न सरकणे म्हणजे आळस, अशी आपण या दोहोंची वाटणी करून टाकतो. पुष्कळदा ही एकच गोष्ट असते, असे माझे म्हणणे आहे. पुन्हा सांगते, पुष्कळदा ही एकच गोष्ट असते. कारण बुजऱ्या मुलाचे काम बहुधा तिथेच अडते, जिथे कोणाला तरी काही विचारावे लागणार असते. हे मला कसे कळले ते सांगायचे, तर नववीतल्या माझ्या भूमितीच्या वहीची हकीकत सांगावी लागेल.

त्या वर्षी तापामुळे माझी तीन दिवस शाळा बुडाली आणि नेमक्या त्याच दिवसांत वर्गात वर्तुळाचे प्रकरण सुरू झाले. परत आले तेव्हा पहिली सिद्धता शिकवून झाली होती. अर्धवर्तुळात काढलेला कोन काटकोन असतो, हे ते प्रमेय. मी वही उघडली, कर्कटकाने वर्तुळ काढले, अ आणि ब हे व्यासाचे दोन टोकबिंदू घेतले, वर्तुळावर क हा बिंदू घेऊन तो दोन्ही टोकांना जोडला आणि केंद्राला म हे नाव दिले. त्याखाली ‘पक्ष’ लिहिले, ‘साध्य’ लिहिले, मग ‘रचना’ असे लिहून पुढे दोन टिंबे दिली आणि थांबले. रचना काय करायची, म्हणजे सिद्धतेसाठी आकृतीत कोणती जादा रेघ काढायची, हे मला ठाऊक नव्हते. शेजारी बसणारी मुलगी हुशार होती. तिला विचारावे, तर तिच्या चेहऱ्यावर ‘एवढेही येत नाही?’ असे उमटेल, या धास्तीने मी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बाईंना विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

त्या दोन टिंबांपुढची जागा पाच आठवडे कोरी राहिली. पुढच्या अकरा सिद्धता मी वर्गात ऐकल्या, त्यांतल्या काही समजल्याही. पण पहिली अपुरी असताना दुसरी कशी लिहायची, या विचाराने वहीत एकही उतरवली नाही. रोज संध्याकाळी मात्र मी वही घेऊन बसत असे. पेन्सिलीला टोक काढीत असे, समास आखीत असे, वर्तुळ नीट आले नाही म्हणून खोडून पुन्हा काढीत असे. कर्कटकाचे टोक त्याच जागी इतक्या वेळा टेकले की केंद्रबिंदूच्या ठिकाणी कागदाला आरपार भोक पडले आणि त्यातून मागच्या पानावरची अक्षरे दिसू लागली. मध्येच एक वेळापत्रकही केले, तीन रंगांत. (वेळापत्रक रंगवणे हा अभ्यास टाळण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे, असे माझे जुने मत आहे. आणि वहीच्या टापटिपीला वेगळे गुण देण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही, कारण अडलेले मूल त्या टापटिपीमागे महिनोन्महिने लपून राहू शकते.)

घरी मला आळशी म्हणत. पण त्याच पाच आठवड्यांत मी धाकट्या भावाच्या सगळ्या पुस्तकांना कव्हरे घातली, कपाट आवरले आणि न सांगता इतिहासाचे दोन धडे वाचून काढले. आळशी माणूस हे कशाला करील? मला काम नकोसे नव्हते, ते एक पान नकोसे होते.

या काळात मी शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले. ‘बाई, मला रचना कळली नाही,’ हे वाक्य मी वाटेत मनातल्या मनात घोकले होते. दारात पोहोचल्यावर आत बाई कोणाशी तरी बोलताना दिसल्या आणि ‘त्या कामात आहेत’ अशी स्वतःची सुटका करून घेऊन मी परत फिरले. दुसऱ्या वेळी त्या एकट्याच होत्या, तरीही परत फिरले. पहिल्या आठवड्यात प्रश्न एवढाच होता, की रचना काय करायची. पाचव्या आठवड्यात त्याच्या पाठीवर दुसरा प्रश्न येऊन बसला होता, ‘इतके दिवस काय करीत होतीस?’ आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. चालढकलीचे व्याज असे चढते. काम तेवढेच राहते, पण ते विचारण्याची लाज वाढत जाते.

वह्या जमा करण्याच्या आदल्या रात्री मी पुन्हा ते पान उघडले आणि वैतागून, ‘रचना’पुढच्या त्या जागेत, बारीक अक्षरांत, पेन्सिलीने लिहिले, ‘बाई, येथे काय करायचे असते?’ सकाळी खोडून टाकायचे असे ठरवले होते. सकाळी घाई झाली, ते राहून गेले, आणि गठ्ठ्याच्या मध्यावर सरकवलेली माझी वही इतरांच्या वह्यांबरोबर निघून गेली. पुढचे दोन दिवस मी कसे काढले, हे तुमच्यातल्या बुजऱ्यांना सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी वही परत आली. ओरडा नव्हता, शेरा नव्हता. माझ्या आकृतीत लाल शाईने एकच रेघ ओढलेली होती, त्या भोकापासून, म्हणजे केंद्रबिंदू म पासून, वर्तुळावरच्या क पर्यंत. आणि खाली दोन शब्द होते, ‘आता पुढे.’ मी त्या रेघेकडे पाहत राहिले. मअ, मब आणि मक या तिन्ही एकाच वर्तुळाच्या त्रिज्या, म्हणून सारख्या. म्हणजे मोठ्या त्रिकोणाच्या पोटात दोन समद्विभुज त्रिकोण, प्रत्येकाचे पायाचे कोन समान. मोठ्या त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, तीत हे दोन्ही कोन दोन-दोनदा आलेले. म्हणून त्या दोघांची बेरीज ९० अंश, आणि तोच क पाशी झालेला कोन. सिद्धता लिहायला मला दहा मिनिटे लागली. पाच आठवडे आणि दहा मिनिटे!

माझी आवडती हकीकत सांगण्यात निम्मा वेळ गेला, तेव्हा बाकीचे थोडक्यात सांगते.

चालढकल म्हणजे वेळेच्या नियोजनातला दोष, असे आपण धरून चालतो. फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली निराळी मांडणी केली. माणूस पुढे ढकलतो ते कामामुळे मनात येणारी अप्रिय भावना, आणि त्या क्षणापुरते बरे वाटावे म्हणून उद्याचे नुकसान पत्करतो. बुजऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही भावना बहुधा लाजेची असते. म्हणून अभ्यास होत नसेल, तेव्हा ‘मी आळशी आहे का?’ असे विचारत बसू नका. ‘मी नेमका कोणत्या ओळीपाशी थांबलो आहे आणि तेथे कोणाला काय विचारावे लागणार आहे?’ असे विचारा. अडलेली ओळ शोधा. ती बहुधा एकच असते.

लोक आपल्याकडे पाहतात, हा समजही थोडा तपासून पाहण्यासारखा आहे. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांनी तो टिपला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात चौथा हिस्सा लोकांनाही ते चित्र सांगता आले नाही. त्यामुळे लाज नाहीशी होत नाही, हे मला मान्य आहे, आणि ‘लाजू नकोस’ असे सांगून तर ती कधीच गेलेली नाही. लाज असू द्या, तिला वळसा घाला. तोंडाने विचारणे जमत नसेल, तर चिठ्ठीवर विचारा, वहीत विचारा. प्रश्न मात्र नेमका असू द्या. ‘मला काहीच कळत नाही’ या वाक्याला शिक्षकांजवळ उत्तर नसते. ‘दुसऱ्या पायरीनंतर पुढे जाता येत नाही’ या वाक्याला असते.

मानसशास्त्रज्ञ पेटर गोल्विट्सर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलेली एक साधी युक्तीही येथे कामी येते. नुसते ‘उद्या विचारीन’ असे न ठरवता ‘मधली सुट्टी झाली, की वही टेबलावर ठेवीन’ असे प्रसंगाला बांधून ठरवावे, म्हणजे त्या क्षणी धैर्य गोळा करीत बसावे लागत नाही. उत्साहाची वाटही पाहू नये, कारण पहिल्या ओळीच्या आधी तो क्वचितच येतो. आणि वाया गेलेल्या दिवसांबद्दल स्वतःला फार बोल लावू नये. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की पहिल्या परीक्षेपूर्वी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी दुसऱ्या परीक्षेपूर्वी कमी चालढकल केली.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापासून वेगळी काढायला हवी. कित्येक आठवडे झोप आणि भूक बिघडलेली असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर ती चालढकल नव्हे; ते घरातल्या किंवा शाळेतल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

राहिलेल्या अकरा सिद्धता पुऱ्या करायला मला नऊ दिवस लागले. सातव्या सिद्धतेत मी पुन्हा अडले. त्या संध्याकाळी मी समास आखला नाही. ‘बाई, येथे स्पर्शिका कुठून काढायची?’ असे त्या कोऱ्या जागेत लिहून टाकले, आणि या वेळी पेनने लिहिले.